सावळा चेहरा आणि फोटोचा रोल

जुने रोलचे कॅमेरे कपाटातून पुन्हा बाहेर निघू लागले आहेत. कॉलेजची मुले आम्हाला विचारतात, "रोल कोणत्या कंपनीचा घ्यावा?" रोल आता महाग आहे, तेव्हा प्रश्न रास्त आहे. आमचे उत्तर असे की, ज्यात आपल्या माणसांचे चेहरे नीट दिसतील, तो घ्यावा.

घरातले जुन्या समारंभांचे फोटो काढून पाहा. पांढरी साडी लख्ख, पण आजीचा चेहरा काळवंडलेला. दोष आजीच्या रंगाचा नव्हे. समोर पांढरे कपडे जास्त असले की ऑटोमॅटिक कॅमेरा फसतो. उजेड भरपूर आहे असे समजून फिल्मवर कमी उजेड पडू देतो.

शिवाय फिल्मच मुळात गोऱ्या चेहऱ्यावर बेतलेली होती. अमेरिकेत १९५० च्या दशकापासून कोडॅक कंपनी फोटो छापणाऱ्यांना एका गोऱ्या स्त्रीचा फोटो नमुना म्हणून देई. त्याला 'शर्ली कार्ड' म्हणत. पुढे लाकडी फर्निचर आणि चॉकलेट बनवणाऱ्यांनी तक्रार केली की, आमच्या मालाच्या तपकिरी छटा नीट येत नाहीत. तेव्हा कुठे फिल्म सुधारण्याला जोर आला. माणसांच्या आधी मालाची दखल घेतली गेली, हे वाचकांनी ध्यानात ठेवावे.

आता निवडीचे. उन्हात फोटो काढायचे असतील तर कोडॅक गोल्ड २०० किंवा साधा कलरप्लस २०० पुरतो. घरात, हॉलमध्ये किंवा संध्याकाळी अल्ट्रामॅक्स ४०० घ्यावा. लहान फ्लॅशचा उजेड १०० च्या फिल्मवर १० फूट पुरत असेल, तर ४०० च्या फिल्मवर तो २० फूट पुरतो. मागच्या रांगेतली माणसेही मग दिसतात.

रंगीत निगेटिव्ह फिल्म थोडा जास्त उजेड सोसते, कमी उजेड सोसत नाही. म्हणून आकडा हाताने लावायचा कॅमेरा असेल, तर ४०० च्या रोलला २०० लावावे. माणसाच्या पाठीमागे खिडकी ठेवू नये. घेताना डबीवरची मुदत वाचावी.

आणि स्टुडिओवाल्याला स्पष्ट बजावावे, "चेहरा गोरा करू नका, आहे तसा येऊ द्या." भिंतीवरचा फोटो पाहून नातवंडांनी आपली आजी ओळखली पाहिजे.