राजा कुणी नेमला?

वाक्लाव हावेलचं 'चूक' हे नाटुकलं १९८३ चं. चेकोस्लोव्हाकियाच्या तुरुंगात जवळपास चार वर्षं काढून गडी नुकताच सुटलेला. पांढरपेशे समीक्षक म्हणतात, हे हुकूमशाहीविरुद्धचं नाटक. झूट! हुकूमशहा सोडा, ह्यात जेलरसुद्धा येत नाही. कोठडीतले जुने कैदी अन् एक नवा, बस्स. नव्याचा गुन्हा? नाश्त्याआधी सिगरेट ओढली. कोठडीचा नियम मोडला म्हणे. च्यायला, नियम केला कुणी? कैद्यांनीच. त्यांच्यातलाच एक 'राजा' झालाय, बाकीचे त्याचे भालदार-चोपदार. नवा तोंडातून चकार शब्द काढत नाही. परदेशी असेल, भाषाच येत नसेल, हे त्यांच्या ध्यानात येतं. मग सोडतात? नाय. उलट तेच त्याच्यावर शेकतं. भरल्या कोठडीत एकटा पडतो तो. सरकारला बोटही उचलावं लागत नाही.

समीक्षकांनो, त्या राजाला कुठल्या हुकूमशहानं गादीवर बसवलं, तेवढं सांगा.