शालीबरोबर एक प्रश्नही द्या



जुलैचा चौथा रविवार जवळ आला की धर्मग्रामात ज्येष्ठांच्या सत्काराची तयारी सुरू होते. पोप फ्रान्सिस यांनी २०२१ मध्ये आजी-आजोबा व ज्येष्ठांसाठीचा हा जागतिक दिन सुरू केला. येशूचे आजी-आजोबा मानले जाणारे संत योआकिम आणि संत अॅना यांचा सण २६ जुलैला असतो, त्याच्या आसपासच हा रविवार येतो. त्या दिवशी मिस्सा होते, शाल-श्रीफळ होते, फोटो निघतो, चहा-समोसे होतात. सगळे प्रेमाने होते, यात शंका नाही. पण एक गोष्ट मला खटकते. त्या दिवशी आपण ज्येष्ठांविषयी बोलतो, त्यांना मात्र कोणी बोलते करत नाही.

माझे मत स्पष्ट सांगतो. आपल्या वडीलधाऱ्यांची जीवनकथा विचारणे आणि ऐकणे हा सत्काराचा शिष्टाचार नाही. तो धर्मशिक्षणाचा भाग आहे, आणि आपल्या वर्गांत तो जवळजवळ नाहीच.

यहोशवाच्या पुस्तकाचा चौथा अध्याय काढून पाहा. यार्देन ओलांडल्यावर बारा दगड उभे करण्याची आज्ञा होते. कशासाठी? पुढे मुले विचारतील, या दगडांचा अर्थ काय, तेव्हा त्यांना सांगता यावे म्हणून. दगड आपण होऊन काही बोलत नाही. विचारणारे मूल आणि सांगणारे आईबाप, दोघेही लागतात.

आपल्या बऱ्हाणपुरात दगडांना काय तोटा! शाही किल्ला आहे, जामा मशीद आहे. १६३१ मध्ये मुमताज महल याच शहरात वारली आणि तापीपलीकडे जैनाबादच्या बागेत तिला प्रथम पुरले. हे सगळे पर्यटकांना गाइड सांगतो. पण ज्यांच्यामुळे आपली ही लहानशी मंडळी उभी राहिली, त्या माणसांविषयी आपल्या मुलांनी कोणाला विचारावे? बाप्तिस्म्याच्या रजिस्टरात नाव, तारीख, आईवडील आणि धर्ममातापिता सापडतात. त्यांनी दिवस कसे काढले, ते सापडत नाही.

गेल्या वर्षभरात धर्मशिक्षणाचा वर्ग संपल्यावर मी काही ज्येष्ठांच्या घरी जाऊन बसू लागलो. नावे मुद्दाम देत नाही.

एक काका नेपानगरच्या कागद कारखान्यातून निवृत्त झालेले. वर्तमानपत्राचा कागद बनवणारा हा देशातला पहिला कारखाना, पंडित नेहरूंनी १९५६ मध्ये राष्ट्राला अर्पण केलेला. काका तिथल्या भोंग्यावर आयुष्यभर उठले-बसले. मी विचारले, “काका, नाताळाला सुट्टी मिळायची का?”

“मशीनला कसला नाताळ? पण चोवीस तारखेची माझी रात्रपाळी आमच्यातला एक मुसलमान भाऊ नाहीतर रावेरकडचा एक पाटील करायचा. एकाची ईद, दुसऱ्याची दिवाळी मी करायचो. अर्ज नाही, काही नाही. फोरमनला ठाऊक असायचं, तो त्या दिवशी हजेरीच्या वहीकडे बघायचाच नाही.”

शेजारी त्यांचा नातू बसला होता, आमच्या दृढीकरणाच्या वर्गातला. तो म्हणाला, “आजोबा, हे तुम्ही कधी सांगितलं नाही.” काका म्हणाले, “तू कधी विचारलंस?”

‘शेजाऱ्यावर प्रीती करा’ या विषयावर मी वर्गात पुष्कळदा बोललो आहे. त्या मुलाला तो विषय त्या संध्याकाळी समजला.

दुसऱ्या एक मावशी. पॉवरलूमच्या कारखान्यात कांड्या भरण्याचे काम त्यांनी वर्षानुवर्षे केले. नवरा लवकर गेला, पदरात तीन मुले. मी आलो आहे म्हटल्यावर त्या आधी घाबरल्याच. “माझ्याजवळ साक्ष नाही हो मास्तर. मला काही दर्शन नाही झालं, आजार नाही बरा झाला.” मग बोलता बोलता म्हणाल्या, “कामावर जपमाळ कुठे धरणार? दोन्ही हात गुंतलेले. मग मी कांड्या मोजायची. एक कांडी, एक नमो मारिया. दहा झाल्या की आमच्या स्वर्गीय बापा. मालक म्हणायचा, बाई, तुझा हिशेब कधी चुकत नाही.”

बंधुभगिनींनो, ही साक्ष नाही तर काय आहे? आपण साक्ष हा शब्द फार आखूड करून टाकला आहे. चमत्कार झाला, व्यसन सुटले, रिपोर्ट नॉर्मल आला, तरच माणसाने माइकसमोर यायचे, असे ठरूनच गेले आहे. त्यासाठीही देवाची स्तुती असोच. पण ज्यांच्या आयुष्यात काहीच एकाएकी पालटले नाही आणि तरीही ज्यांनी देवाचा हात सोडला नाही, त्यांना आपण गप्प बसवले आहे. येशूनेही नासरेथात तीस वर्षे काढली, हे आपण विसरतो.

तिसरे एक आजोबा कोरकू समाजातले, नेपानगरकडच्या जंगलपट्ट्यातले. ते प्रत्येक प्रसंग आधी कोरकूत सांगत, मग हिंदीत. मी कारण विचारले तर म्हणाले, त्या भाषेत सांगितले की खरे वाटते. घरात नातवंडे हिंदीच बोलतात. दोन तास ते बोलले आणि शेवटी म्हणाले, “मास्तरजी, ही गोष्ट लिहू नका. तुम्ही ऐकलीत, बस.” मी वही मिटली. ती गोष्ट इथेही लिहीत नाही. काही गोष्टी फक्त ऐकून घेण्यासाठी असतात आणि तेही सेवाकार्यच आहे.

आपल्या मराठी ख्रिस्ती घरात याचा एक मोठा दाखला आहे. लक्ष्मीबाई टिळकांना शाळा लाभली नव्हती. लग्नानंतर त्या अक्षरे शिकल्या. मुलाने, देवदत्त टिळकांनी, वडिलांच्या चरित्रासाठी त्यांच्याकडे आठवणी मागितल्या आणि त्यातूनच ‘स्मृतिचित्रे’ उभे राहिले. पहिला भाग १९३४ मध्ये निघाला, १९३६ मध्ये लक्ष्मीबाई गेल्या. मुलाने आणखी थोडी वर्षे जाऊ दिली असती तर? आज मराठी वाचणारा कोणत्याही धर्माचा माणूस ते पुस्तक आपले मानतो, कारण त्यात उपदेश नाही. संसार आहे, रुसवे आहेत, उपासमार आहे, हसू आहे, आणि त्या सगळ्यांतून वाट काढणारा विश्वास आहे.

लूकने काय केले? आपल्या शुभवर्तमानाच्या आरंभीच तो सांगतो की ज्यांनी पाहिले त्यांच्याकडून आलेल्या गोष्टींचा त्याने काळजीपूर्वक शोध घेतला. मरियेने सगळे अंतःकरणात ठेवले होते, हेही तोच दोनदा नोंदवतो. मला नेहमी वाटते, कोणीतरी त्या माउलीजवळ बसून विचारले असले पाहिजे.

यावर दोन आक्षेप येतात. पहिला, डाव्या हाताला कळू नये असे प्रभूने सांगितले, मग आपले चांगले काम सांगत का बसायचे? पण ज्येष्ठ स्वतः होऊन फुशारकी मारत नाहीत, आपण विचारतो म्हणून ते सांगतात. शिवाय ज्या गोष्टी मी ऐकल्या त्यांत बहुतेक वेळा दुसऱ्यांचेच उपकार आठवलेले होते.

दुसरा आक्षेप जड आहे. जुने उकरले की गरिबी निघते, जात निघते, अपमान निघतात. आज शहरात चांगले बस्तान बसलेल्या मुलांना ते नको असते आणि काहींना भीतीही वाटते. ती भीती मी खोटी म्हणणार नाही. म्हणूनच परवानगीशिवाय एक ओळही लिहू नये. पण लाजेपोटी आपण गप्प राहिलो तर मुलांना वाटेल की आपण आभाळातून पडलो. गव्हाणीत जन्मलेल्या प्रभूच्या लेकरांनी गरिबीची लाज का धरावी?

आपल्या गावचा कुंडी भंडारा १६१५ चा. सातपुड्यातून झिरपणारे पाणी जमिनीखालच्या बोगद्याने एका कुंडीतून दुसऱ्या कुंडीत जात शहरापर्यंत येते. अशा शंभराहून अधिक कुंड्या. पंप नाही, फक्त उतार. पण आत चुन्याचा थर साचत गेला की झरा आकसतो. विश्वासही असाच पिढीतून पिढीत उतरतो आणि न विचारण्याचा थर त्यावर नकळत साचतो.

म्हणून माझी सूचना साधी आहे. दृढीकरणाची तयारी करणाऱ्या प्रत्येक मुला-मुलीने आपल्या घरातल्या किंवा शेजारच्या एका ज्येष्ठाकडे चार वेळा जाऊन बसावे. मोबाइल बाजूला ठेवावा. विचारावे: तुम्ही या गावात कसे आलात? पहिली कमाई किती होती आणि तिचे काय केले? सर्वांत कठीण दिवसांत कोण धावून आले? तेव्हा प्रार्थना कोणती केली? आम्हांला काय सांगून ठेवाल? घरी येऊन दोन पाने लिहावीत, मराठीत, हिंदीत, कोरकूत, जी येईल त्या भाषेत. लिहिलेले त्यांना वाचून दाखवावे. ते ‘हे काढ’ म्हणाले तर काढावे. एक प्रत त्यांच्याच घरी ठेवावी. धर्मग्रामाच्या कपाटात दुसरी ठेवायची की नाही, हे त्यांनी ठरवावे.

याला पैसा लागत नाही, समितीही लागत नाही. वेळ लागतो, आणि तो आपल्यापेक्षा ज्येष्ठांकडे कमी उरला आहे. या वर्षी मी दोन अंत्यविधींना गेलो, जिथे घरच्यांना त्या माणसाविषयी चार वाक्येही नीट सांगता आली नाहीत.

येत्या रविवारी शाल जरूर द्या. शाल पांघरून झाली की खुर्ची जवळ ओढा आणि एक प्रश्न विचारा. उत्तर लांबले तर लांबू द्या.

पिढ्यान्‌पिढ्या विश्वासू राहणारा प्रभू आपल्या ज्येष्ठांना बोलण्याचे बळ देवो आणि आपल्याला ऐकण्याचा धीर देवो. आमेन.