गावची शाळा आमची, भांडुपची पालिकेची

शाळा व्यवस्थापन समितीची सभा परवा मला शाळेच्या फाटकातच पार पडताना दिसली. भांडुप पश्चिमेतली पालिकेची शाळा, नाव लिहीत नाही. शिपाई रजिस्टर घेऊन उभा. मुलाला सोडायला आलेल्या सदस्यबाईंनी सही केली आणि लोकल गाठायला पळाल्या. ठराव वर आधीच लिहिलेला होता. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने या समितीत तीन चतुर्थांश पालक आणि निम्म्या महिला सांगितल्या, शाळेचा आराखडा करायचा अधिकार दिला. इथे तो पेनापुरता उरलाय.

त्याच आठवड्यात रविवारी भांडुपच्याच कोकणनगरात एका गावकरी मंडळाची बैठक होती. विषय एकच, गावच्या शाळेचं छप्पर. कौलं की पत्रा यावर दोन तास भांडण. वासे कोणी तपासले, सुतार कुठला, गेल्या वर्षीच्या वर्गणीचे साडेतीनशे रुपये कुठे गेले? मधेच गुरुजींना फोन लागला, स्पीकरवर त्यांचीही उलटतपासणी झाली. त्या शाळेचा पट नऊ! सगळ्यात मोठ्याने बोलणाऱ्या काकांची नात मात्र त्या फाटकातल्या शाळेत दुसरीत आहे. तिथल्या मुख्याध्यापकांचं नाव विचारलं तर म्हणाले, "कोण बाई आहेत वाटतं."

हीच माणसं, हीच चिकाटी. गावची शाळा आमची, भांडुपची पालिकेची.

पैशाचं म्हणाल, तर पालिकेचा २०२५-२६ चा शिक्षण अर्थसंकल्प ३,९५० कोटींच्या पुढे होता. कोकणनगराच्या वर्गणीवाचून काही अडलेलं नाही. अडलंय ते साडेतीनशे रुपयांचा हिशोब मागणाऱ्या त्या काकांवाचून. खेड तालुक्यातल्या जालिंदरनगरची जिल्हा परिषद शाळा पट आटून बंद पडायच्या बेतात होती. दत्तात्रय वारे गुरुजी आणि गावकरी एकत्र आले आणि २०२५ मध्ये जागतिक शाळा पुरस्कारांत लोकपसंतीचा मान तिला मिळाला. तो किस्सा भांडुपमध्ये सांगितला की उत्तर ठरलेलं, "गावात होतं हो ते." मग छपरावर भांडणारे तुम्ही गावात राहता की भांडुपला?

आमच्याकडे 'लोकसहभाग' म्हणजे दहा वह्या, एक केळं आणि सतरा चेहऱ्यांचा फ्लेक्स. वह्या दिवाळीपर्यंत संपतात, फ्लेक्स पुढच्या पावसाळ्यापर्यंत टिकतो. देणाऱ्यांपैकी एकानेही वर्गात डोकावून पाहिलं नसणार, याची मला पुराव्याशिवाय खात्री आहे.

तेव्हा मंडळींनो, पुढच्या बैठकीत एक विषय वाढवा, खालच्या रस्त्यावरची ती पालिकेची शाळा. चौघांनी जा, समितीचं रजिस्टर बघायला मागा, पुढची सभा संध्याकाळी सातनंतर ठेवायला सांगा. पावतीपुस्तक घरीच ठेवा.