भय कोणाचे, पडदा कोणाचा?

रहस्यपट हा निव्वळ करमणुकीचा प्रकार समजून विचारवंत त्याकडे सहसा वळत नाहीत. परंतु समाज कोणाला भितो आणि कोणाचे भय समजून घेण्याजोगे मानतो, हे या प्रकाराइतके उघडपणे दुसरा कोणताही चित्रपट सांगत नाही. मनोव्यापारांवर आधारलेल्या रहस्यपटात तर प्रेक्षकाला एका माणसाच्या मनात उतरावे लागते. ते मन कोणाचे असावे, हा केवळ कलेचा प्रश्न नव्हे; तो प्रतिनिधित्वाचाही प्रश्न आहे.

धंदेवाईक हिंदी चित्रपटाने त्याचे उत्तर केव्हाच दिले आहे. मन असते ते सुखवस्तू नायकाला. झोपडपट्टीच्या वाट्याला येतो तो गुंड, खबऱ्या किंवा जमाव. देवनारचेच पाहा. 1927 पासूनची कचराभूमी, 1971 पासूनचा कत्तलखाना आणि भोवती शिवाजीनगर-बैंगनवाडीच्या वस्त्या असलेला हा एम-पूर्व विभाग 2009 च्या मुंबई मानव विकास अहवालात सर्वांत तळाशी होता. अशा वस्तीतील माणूस पडद्यावर आला तरी बहुधा देखाव्याचा भाग म्हणूनच येतो.

ही चौकट मोडण्याचे श्रेय स्वतंत्र चित्रपटाला द्यावयास हवे. 1980 च्या ‘आक्रोश’मध्ये विजय तेंडुलकर आणि गोविंद निहलानी यांनी लहान्या भिकूचे मौनच केंद्रस्थानी आणले, परंतु त्या मौनाचा शोध घेणारा वकील कुलकर्णी हा पांढरपेशाच होता. देवाशिष मखिजा यांनी पुढचे पाऊल टाकले. ‘अज्जी’त (2017) सुषमा देशपांडे यांनी साकारलेली वस्तीतील म्हातारी नातीवरील अत्याचाराचा सूड घेण्यासाठी खाटकाकडून सुरी चालविणे शिकते. ‘भोसले’मध्ये (2018) चाळीतील निवृत्त हवालदाराचे एकाकीपण आणि परप्रांतीय शेजाऱ्यांची भीती एकाच जिन्यावर समोरासमोर येतात. ‘जोरम’मध्ये (2023) मुंबईत बांधकामावर राबणारा झारखंडचा आदिवासी तान्ह्या मुलीला घेऊन पळत सुटतो, आणि प्रेक्षकाला त्याच्याच नजरेने शहर पाहावे लागते.

तथापि समाधान मानण्यासारखी स्थिती नाही. लहान्याची भूमिका ओम पुरींनी केली, ‘जोरम’मधील दसरूची मनोज बाजपेयींनी. दोघांच्याही अभिनयाविषयी दुमत होणार नाही. परंतु त्रेचाळीस वर्षांनंतरही आदिवासीचे दुःख दुसऱ्यानेच बोलून दाखवावे लागते, हे विसरता येत नाही. ‘फँड्री’ने (2013) आपल्या जगाविषयी स्वतः बोलणारा दिग्दर्शक आला म्हणजे काय घडते, ते दाखविले आहे.

असे दिग्दर्शक थोडे का, याचे उत्तर गुणवत्तेत नसून भांडवलात आहे. मराठी चित्रपटाला राज्य सरकार अनुदान देते, पण ते चित्रपट पूर्ण होऊन त्याचे परीक्षण झाल्यावर. ज्याच्यापाशी आरंभीचे पैसेच नाहीत, त्याला या योजनेचा उपयोग काय? वितरणाची तऱ्हा याहून बिकट आहे. 2009 मध्ये निर्माते आणि मल्टिप्लेक्स यांच्यात झालेल्या समझोत्यात निर्मात्याचा वाटा पहिल्या आठवड्यात 50 टक्के आणि चौथ्यात 30 टक्के ठरला. जाहिरातीच्या बळावर पहिल्याच शुक्रवारी गर्दी खेचणाऱ्याला ही रचना मानवते. तोंडी शिफारशीवर हळूहळू वाढणाऱ्या चित्रपटाला ती मारक ठरते. शिवाय अडचणीच्या वेळचे दोन-चार खेळ मिळाल्यावर तो चौथा आठवडा पाहणार कसा? आणि मल्टिप्लेक्सच्या तिकिटाचा भाव पाहता, ज्याची कथा त्यालाच दार बंद, असा हा व्यवहार आहे.

यावर उपाय अशक्य नाहीत. अनुदानाचा काही हिस्सा संहितेच्या टप्प्यावर द्यावा. पालिकेच्या शाळा आणि महाविद्यालयांची सभागृहे अल्प दरातील खेळांना खुली करावीत. देवनारमध्येच टाटा सामाजिक विज्ञान संस्थेत माध्यमांचे शिक्षण दिले जाते. शेजारच्या वस्त्यांतील तरुणांना असे शिक्षण सुलभ होईल तर उत्तमच.

बाजारपेठेला निवडीचा अधिकार आहे, हे अर्थशास्त्राचा शिक्षक म्हणून मला मान्य आहे. परंतु जो माल दुकानात मांडलाच जात नाही, त्याला गिऱ्हाईक नाही असे म्हणणे हा कोणत्याही अर्थशास्त्राचा सिद्धान्त नव्हे.