तीस नाण्यांचा हिशेब

गुड फ्रायडेच्या दिवशीं मालवण-वेंगुर्ल्याच्या किनाऱ्यावरील ख्रिस्तमंदिरांत ख्रिस्ताच्या दुःखसहनाची कथा वाचली जाते. एकाच रात्रीं दोन शिष्यांची निष्ठा ढळली. यहूदानें पैशासाठीं गुरूस धरून दिलें. पेत्रानें भयापोटीं गुरूची ओळख नाकारली. हा पेत्र धंद्यानें कोळी. अंगणांतील शेकोटीशीं ऊब घेत असतां एका दासीनें त्यास हटकलें, आणि अखेरीस गालीली बोलीवरून तो ओळखला गेला. मुंबईंत दोन शब्द उच्चारतांच ‘मालवणकडचे काय?’ असें ज्यांस विचारलें जातें, त्या आमच्या वाचकांस ही फजिती समजावून सांगावयास नको.

ही कथा ख्रिस्ती बांधवांपुरतीच आहे असें आम्हांस वाटत नाहीं. रापण हा आमच्या किनाऱ्याचा जुना करार आहे : ज्यांचे हात दोराला लागले त्यांस मासळींत वांटा. हा करार आज रात्रीच्या दिव्यांनीं मोडत आहे. प्रखर एल.ई.डी. दिवे लावले म्हणजे दूरवरची मासळी प्रकाशाकडे धांवते. भोंवतीं पर्ससीन जाळें आंवळलें कीं मोठ्या माशांबरोबर पिल्लेंही निघतात. राज्यानें ५ फेब्रुवारी २०१६ च्या आदेशानें पर्ससीनवर निर्बंध घातले. केंद्र सरकारनें नोव्हेंबर २०१७ मध्यें दिव्यांची मासेमारी बंद ठरविली. १९८१ च्या सागरी मासेमारी कायद्यांत २०२१ सालीं दुरुस्ती होऊन दंड लाखांच्या घरांत गेला. तरी तक्रारी थांबल्या नाहींत.

परप्रांतीय नौकांस शिव्या देणें सोपें आहे. पण दिव्याच्या नौकेवर मजुरीस जाणारा खलाशी पुष्कळदां रापणकरांच्याच घरांतला असतो. त्यास आम्ही यहूदा म्हणणार नाहीं. घरीं होडीचा हप्ता थकलेला आणि समोर शेकोटी पेटलेली, अशा थंडींत कोणीही ऊब शोधील. तो पेत्राच्या जागीं आहे.

यहूदाच्या कथेंत मात्र एक तिसरा पक्ष आहे, त्याकडे फारसें कोणी पाहत नाहीं : पैसे मोजणारा. यहूदानें पस्तावून तीस रुपेरी नाणीं मंदिरांत फेकलीं, तेव्हां याजकांनीं ठरविलें कीं हा रक्ताचा पैसा देवाच्या खजिन्यांत घालणें शास्त्रसंमत नाहीं. म्हणून त्यांतून परक्यांच्या दफनासाठीं कुंभाराचें शेत घेतलें. पैसे देतांना ज्यांस शास्त्र आठवलें नाहीं, त्यांस ते परत घेतांना आठवलें! आमच्या बंदरांवरील व्यापाऱ्यांनीं हें प्रकरण सावकाश वाचावें. पहाटेचा ढीग कोठून आला हें न विचारतां बोली बोलावयाची, बर्फ घालून गाडी रवाना करावयाची, आणि जत्रेला वा फेस्ताला सढळ वर्गणी द्यावयाची, यांत त्या याजकांचेंच सोवळें दिसतें.

‘आम्ही न घेतलें तर शेजारी घेईल,’ असें उत्तर येईल. तें खरें आहे, आणि म्हणूनच हा निश्चय एकट्यादुकट्याचा असून चालावयाचा नाहीं. नौकेचें नांव, नोंदणी क्रमांक व मासळी कोणत्या जाळ्याची, हें वहींत लिहिल्यावांचून बोली लागणार नाहीं, असें लिलावांत उभे राहणाऱ्या सर्वांनीं मिळून ठरवावें. सरकारी गस्तीनौका समुद्रभर पुरणार नाहीं. धक्का लहान आहे, आणि तेथें येणारा ढीग चार लोकांसमोर उतरतो.

पेत्रास पुढें तळ्याकांठीं पुन्हा एक कोळशांची शेकोटी भेटली. तीवर मासळी भाजत होती. तेथें गुरूनें त्यास दोष दिला नाहीं. तीन वेळां एकच प्रश्न विचारला, आणि प्रत्येक उत्तरासरशी काम सोंपविलें. दिव्याच्या नौकेवरून परतूं पाहणाऱ्या खलाशास रापणीच्या दोराशीं जागा द्यावयाची कीं नाहीं, हें आमच्या मच्छीमार संस्थांपुढें आहे. पावसाळी बंदी उठून १ ऑगस्टला हंगाम उघडतो. तत्पूर्वीं त्यांनीं सभा बोलवावी.