कर्ता कोण? : अमेरिकेच्या इतिहासाच्या परिचयग्रंथांविषयी

दलित साहित्य आणि आफ्रिकी-अमेरिकी साहित्य यांचा तौलनिक अभ्यास मराठी विभागांत आता रुळला आहे. १९७२ मध्ये मुंबईत स्थापन झालेल्या दलित पँथरने आपले नावच १९६६ च्या ब्लॅक पँथरवरून घेतले होते. जनार्दन वाघमारे यांच्यासारख्या अभ्यासकांनी त्या साहित्याची ओळख मराठी वाचकांना करून दिली. या अभ्यासासाठी विद्यार्थ्याच्या हाती अमेरिकेच्या इतिहासाचा एखादा परिचयग्रंथ द्यावाच लागतो. तो कोणता द्यावा, हा प्रश्न मात्र आपण फारसा विचारीत नाही. ग्रंथालयात जो उपलब्ध असेल तो प्रमाण मानला जातो. पाठ्यपुस्तक म्हणजे निर्विकार माहितीचा साठा, ही समजूत यामागे आहे. साहित्याच्या अभ्यासकाने तरी ती बाळगू नये.

ही समजूत किती फसवी आहे, याचे उदाहरण प्रसिद्धच आहे. मॉरिसन आणि कॉमेजर यांचा ‘द ग्रोथ ऑफ द अमेरिकन रिपब्लिक’ हा ग्रंथ १९३० मध्ये निघाला आणि अमेरिकन महाविद्यालयांत दीर्घकाळ मान्यता पावला. दोन्ही लेखक व्यासंगी होते. तरीही त्या ग्रंथात गुलामांचा उल्लेख हेटाळणीच्या नावाने येतो आणि गुलामगिरीचा जाच खुद्द गुलामांना फारसा झाला नाही, असे सुचविले जाते. कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांनी विरोध केल्यानंतर पुढील आवृत्त्यांत हा मजकूर बदलावा लागला. डब्ल्यू. ई. बी. डु बॉइस यांनी तर १९३५ मध्येच ‘ब्लॅक रिकन्स्ट्रक्शन इन अमेरिका’ या ग्रंथाचे अखेरचे प्रकरण इतिहासलेखनातील अशा विपर्यासाच्या परीक्षणाला वाहिले होते.

मग परिचयग्रंथ पारखावा कसा? इतिहासतज्ज्ञ आपल्या कसोट्या लावतीलच. आपल्यापाशी असलेली कसोटी प्रयोगविचाराची आहे. वाक्यात कर्ता कोण आहे, ते पाहावे. ‘चेरोकी लोकांचे पश्चिमेकडे स्थलांतर झाले’ या वाक्यात कोणी काही केलेलेच नाही. वस्तुतः १८३० मध्ये काँग्रेसने कायदा संमत केला, अध्यक्ष जॅक्सन यांनी त्यावर स्वाक्षरी केली आणि १८३८-३९ मध्ये सैन्याने चेरोकींना त्यांच्या भूमीतून हाकलले. त्या वाटचालीत सुमारे ४,००० माणसे मरण पावली, असे सामान्यतः मानले जाते. ‘झाले’ आणि ‘केले’ यांतील अंतर केवळ शैलीचे नाही. ते उत्तरदायित्वाचे आहे. नामांचेही तसेच. २०१५ मध्ये टेक्सासमधील एका शालेय भूगोलाच्या पुस्तकात आफ्रिकेतून आणलेल्या गुलामांना ‘कामगार’ म्हटल्याचे उघडकीस आले आणि प्रकाशकाला दुरुस्ती मान्य करावी लागली.

दुसरी कसोटी एका प्रकरणाची आहे. यादवी युद्धानंतरच्या पुनर्रचनेचा कालखंड, म्हणजे १८६५ ते १८७७, ग्रंथात कसा मांडला आहे, ते प्रथम वाचावे. आपल्या दृष्टीने हे प्रकरण विशेष मोलाचे आहे. जोतीराव फुले यांनी १८७३ मध्ये ‘गुलामगिरी’ हा ग्रंथ गुलामांच्या मुक्तीसाठी झटलेल्या अमेरिकेतील सज्जनांना अर्पण केला. त्या वेळी तेथे तेरावी, चौदावी व पंधरावी घटनादुरुस्ती झालेली होती आणि १८७० मध्ये हायरम रेव्हेल्स हे पहिले कृष्णवर्णीय सिनेटर झाले होते. फुल्यांची आशा भाबडी नव्हती. तो क्षणच आशेचा होता. १८७७ मध्ये दक्षिणेतील राज्य सरकारांना असलेला संघराज्याच्या सैन्याचा आधार काढून घेण्यात आला. पुढे दहशतीने आणि कायद्याने मताधिकार हिरावला गेला आणि १८९६ मध्ये प्लेसी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने वर्णविभाजनाला मान्यता दिली. मताधिकाराला परिणामकारक संरक्षण मिळाले ते १९६५ च्या कायद्याने. ती आशा कोणी विफल केली, हे न सांगणारा ग्रंथ आपल्या विद्यार्थ्याला फुलेही नीट समजू देणार नाही.

याचा अर्थ केवळ बाजू बदललेला ग्रंथ निवडावा, असा नव्हे. हॉवर्ड झिन यांच्या ‘अ पीपल्स हिस्टरी ऑफ द युनायटेड स्टेट्स’ (१९८०) या ग्रंथाने पराभूतांना कर्तेपण दिले, हे त्याचे मोठे श्रेय. परंतु त्याचा स्वर जुन्या ग्रंथांइतकाच निःशंक आहे. वाचकाला मतभेदाची जागा तो क्वचितच दाखवितो. त्या तुलनेत एरिक फोनर यांचा ‘गिव्ह मी लिबर्टी!’ हा ग्रंथ मला अधिक उपयुक्त वाटतो. स्वातंत्र्य या एकाच शब्दाचा अर्थ कोणी कसा लावला आणि त्यावरून संघर्ष कसे झाले, हे त्याचे सूत्र आहे. शब्दाचा अर्थ हाच वादविषय असतो, हे साहित्याच्या विद्यार्थ्याला वेगळे सांगावे लागत नाही.

परिचयग्रंथात संक्षेप अटळ असतो, असा आक्षेप घेतला जाईल. तो रास्त आहे. परंतु संक्षेपात तपशील गळावेत, कर्ता गळू नये. संदर्भग्रंथांच्या यादीत एखादे नाव घालण्यापूर्वी प्राध्यापकाने त्यातील पुनर्रचनेचे प्रकरण स्वतः वाचावे, एवढी किमान अपेक्षा आहे. ते काम तासा-दोन तासांचे आहे. ते न केल्याचा परिणाम विद्यार्थी पुढे अनेक वर्षे वागवितो.