रिकाम्या गाडीचे भाडे

मुंबईहून पुण्याला गाडी करून जाणाऱ्याच्या हातात शेवटी जे बिल पडते, त्यात साधारण पाच ओळी असतात: किलोमीटर, चालकाचा भत्ता, टोल, पार्किंग आणि कर. या आठवड्यात पाहण्यात आलेल्या एका बिलात सहावीही होती: ‘वाशी टोल, ४५ रुपये’. मुंबईच्या पाचही प्रवेशनाक्यांवर हलक्या वाहनांचा टोल १४ ऑक्टोबर २०२४ च्या मध्यरात्रीपासून माफ आहे. टोलची पावती मागून घ्या, हे या स्तंभात इतक्यांदा लिहून झाले आहे की वाचकांना ते पाठ असेल. गाडीवाल्यांना झालेले दिसत नाही.

पण खरी महाग ओळ पहिली. दादर ते पुणे अंतर सुमारे दीडशे किलोमीटर. बाहेरगावच्या गाडीला मात्र दिवसाला किमान २५० किंवा ३०० किलोमीटरचे भाडे लावण्याची रीत आहे. किलोमीटरला १४ रुपये धरले तर ३०० किलोमीटरचे ४,२०० होतात, म्हणजे प्रवासी बसलेल्या अंतराला किलोमीटरमागे २८ रुपये. द्रुतगती मार्गाचा टोल कारला ३२० रुपये आहे. तो जाऊन-येऊन लावला की ६४०. प्रवासी कोथरूडला घरी चहा पीत असतो आणि त्याच्या पैशाने रिकामी गाडी खंडाळ्याचा घाट उतरत असते.

यामागचे कारण एकच सांगितले जाते: परतीचे भाडे मिळत नाही. गडचिरोलीला कुणाला सोडायला गेलेल्या गाडीच्या बाबतीत ते पटते. पुण्याहून मुंबईला यायला माणूस मिळत नाही, हे मात्र पुणे स्टेशनबाहेर दहा मिनिटे उभ्या राहिलेल्या कुणाला सांगून पाहावे.

त्यासाठी दादरचा पुणे टॅक्सीचा स्टँड बघण्यासारखा आहे. गाडी तीच, रस्ता तोच, टोलही तोच. तिथे विकली जाते ती सीट. दर परिवहन प्राधिकरण ठरवून देते. ‘पुणे, पुणे, एक सीट!’ अशी हाक चालू असते आणि ती एक सीट बहुतेक वेळा मागची मधली निघते. पुढचा प्रवास गुडघे जुळवून आणि बॅग मांडीवर घेऊन. डिकी आधीच भरलेली असते. गाडी भरली की सुटते, आणि पुण्याला पोचल्यावर चालक तिथल्या रांगेत नंबर लावतो. परतीचा भार तिथेही आहेच, पण तो उतरलेल्या प्रवाशाच्या खिशावर पडत नाही. चालकाच्या वेळेवर पडतो. शुक्रवारी संध्याकाळी सगळी गर्दी पुण्याकडे आणि रविवारी रात्री मुंबईकडे असते, तेव्हा हा भार चांगलाच जड होतो. तरी सीटच्या भावात ‘रिकामी परत जाईल’ अशी वेगळी ओळ नसते.

सीट विकायला कायदा आड येतो, असेही सांगतात. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याने चालक सोडून सहापर्यंत प्रवाशांच्या भाड्याच्या गाडीला मोटारकॅब म्हटले आहे, आणि प्रत्येकाकडून वेगळे भाडे घेतले तरी ती कंत्राटी वाहनच राहते, असे व्याख्येतच लिहिले आहे. म्हणजे सीट विकणे ही कायद्याला ठाऊक असलेली गोष्ट आहे. पांढऱ्या पाटीच्या खासगी गाडीने भाडे मारणे मात्र बेकायदा, आणि अपघात झाला की विमा कंपनी नेमके त्यावरच बोट ठेवते.

ॲपवर ‘वन-वे’ गाडी मिळू लागली तेव्हा एकेरी भाडे दुहेरीपेक्षा बरेच खाली आले. परतीला गिऱ्हाईक मिळते, हे त्या भावानेच कबूल केले. तरीही फोनवर गाडी देणाऱ्या कित्येकांकडे आजही किमान ३०० किलोमीटर चालूच आहेत.

राहता राहिला फूड मॉल. चालकाला भूक नसते, प्रवाशाला नसते, तरी गाडी नेमकी एकाच मॉलपाशी वळते. आत चालकाचे जेवण वेगळ्या टेबलावर मांडले जाते आणि बिल येत नाही. या दोन गोष्टींचा संबंध सिद्ध करणारा कागद या स्तंभाकडे नाही. वड्याची किंमत तेवढी आहे.

गाडी ठरवताना तीन गोष्टी व्हॉट्सॲपवर लिहून घ्याव्यात: किमान किलोमीटर किती, मोजणी गॅरेजपासून की दारापासून, आणि टोल एकेरी की दुहेरी. बिलात वाशीचा टोल दिसला तर ते पैसे आधी वजा करायला लावावेत, मग उरलेले द्यावेत.